रायटरचा जबाब

पोलीस ठाण्यात त्याला सगळे रायटर म्हणत, आणि पुढे घरीदारीही तेच नाव चिकटलं. एकतीस वर्षं त्याने ठाण्यातल्या पुढच्या टेबलावर बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेतल्या. अक्षर मोत्यांसारखं, बोलणं गोड, आणि तक्रारदाराला वाटाण्याच्या अक्षता लावण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. चोरी लिहिली की तपास आला, पंचनामा आला, वरून विचारणा आली. म्हणून तो खुर्ची पुढे सरकवून आपुलकीने सांगायचा, "चोरी कशाला लिहिता? दहा खेटे घालावे लागतील. गहाळ झालं म्हणा, आत्ता शिक्का मारून देतो." लोक सही करत, वर आभारही मानत. साहेब खूश, कारण कागदावर त्या भागात चोऱ्याच होत नव्हत्या! एकदा एक शिवणकाम करणारी बाई अडून बसली. "अहो, शिलाई मशीन गहाळ कसं होईल? ते काय रुमाल आहे?" रायटरने तिचीही सही घेतलीच, आणि घरी जाऊन हा किस्सा बायकोला रंगवून सांगितला.

निवृत्त झाल्यावर दुसऱ्या वर्षी भाचीचा परदेशातून फोन आला. "मामा, आईचं काही खरं नाही. डॉक्टर म्हणतात फार तर आठवडा. ती सारखी तुझीच चौकशी करते. निघ लगेच."

ताई म्हणजे त्याची आईच. खरी आई गेली तेव्हा तो चार वर्षांचा होता आणि ताई तेरा. तिने शाळा सोडली, चूल सांभाळली, याला न्हाऊमाखू घातलं आणि हात धरून अक्षर गिरवून घेतलं. गेली दहा वर्षं ती लेकीकडे राहत होती आणि हा फोनवर "येतो, येतो" म्हणत होता. लाज वाटावी असंच होतं ते, आणि त्याला ती वाटतही होती.

बायकोचे गुडघे धरलेले, तेव्हा तो एकटाच निघाला. वाटेत एका तिसऱ्याच देशात विमानातून उतरून पुढची रेल्वेगाडी पकडायची होती. खिसे कापले गेल्याच्या हजार हकिगती त्याने स्वतःच्या हाताने लिहिल्या होत्या, म्हणून शहाण्याने पासपोर्ट खिशात न ठेवता पिशवीत ठेवला. स्थानकाच्या बाकावर बसला असताना एकाने नकाशा उघडून समोर धरला. त्याने मान वर केली तेवढ्यात दुसऱ्याने पिशवी उचलली. तपकिरी जाकीट, डावा पाय किंचित ओढत चालणारा, कानाखाली डाग. पोलिसाची नजर, तिने सगळं टिपलं. पाय मात्र साठीचे होते. दारापर्यंत धावेतो तो माणूस दिसेनासा झाला होता.

चौकीत काचेमागे एक तरुण अंमलदार बाई बसली होती. तिने फोन लावला आणि फोनमधून एक दुभाषी त्याच्याच भाषेत बोलू लागला. "बाई विचारतायत, काय झालं?"

रायटरने घड्याळ पाहिलं. पुढची गाडी सातला होती आणि आत्ता दोन वाजत होते. चोरी म्हटलं की ही आपल्याला बसवून ठेवणार, फोटो दाखवणार, उद्या या म्हणणार. पोलिसांना कसं हाताळायचं ते पोलिसाला नाही कळणार तर कोणाला?

"पिशवी गहाळ झाली," तो म्हणाला. "बाकावर विसरलो."

"बाई म्हणतायत, कोणी उचलली का? स्थानकात कॅमेरे आहेत, त्या लगेच बघतील."

"नाही, नाही. माझीच चूक. फक्त शिक्का मारून द्या."

बाईने पुन्हा एकदा तेच विचारलं. त्याने पुन्हा हसून मान हलवली आणि सही ठोकली. दहा मिनिटांत कागद हातात आला. स्वारी खुशीत वकिलातीकडे निघाली.

वकिलातीतला कारकून त्याच्याच देशाचा होता. त्याने कागद वाचला आणि चष्मा काढला. "काका, चोरी असती तर प्रवासाचा तात्पुरता कागद आत्ताच दिला असता. स्वतः हरवलेल्या पासपोर्टची तुमच्या गावाहून चौकशी होऊन यावी लागते. आठ दिवस धरा."

त्याच्या पायाखालची वाळू सरकली. तो धापा टाकत चौकीत परतला आणि फोनवरच्या दुभाष्याला सगळं खरं सांगितलं. जाकीट, पाय, डाग, ताई. बाईने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"बाई म्हणतायत, वाईट वाटतं. पण त्यांनी दोनदा विचारलं होतं. आता चोरी लिहिली तर पहिला जबाब खोटा ठरतो. त्याची चौकशी होईल आणि ती संपेपर्यंत तुम्हाला शहर सोडता येणार नाही."

"निदान कॅमेरे तरी बघा म्हणावं."

"गहाळ वस्तूसाठी बघता येत नाहीत."

बाईने त्याच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला. माणूस रडायच्या बेतात आला की तोही असंच पाणी पुढे करत असे. पाणी पिऊन लोक निमूट उठून जात. तोही उठला.

सातची गाडी गेली तेव्हा तो तिच्या फलाटावरच उभा होता. भाचीचा फोन आला. "मामा, बसलास ना गाडीत? थांब, आईच्या कानाशी धरते."

"कुठे आलास रे?" आवाज एवढासा झाला होता.

"गाडीत आहे, ताई. उद्या दुपारपर्यंत पोचतो."

"ये. मी काही तुला भेटल्याशिवाय जात नाही."

पुढे चार दिवस तो गाडी उशिरा असल्याचं सांगत राहिला. आधी बर्फ, मग संप, मग इंजिनात बिघाड. भाचीला त्याने दुसऱ्याच दिवशी खरं सांगितलं होतं, पण आईसमोर तीही खोटं बोलत राहिली. लॉजच्या खोलीत बसून तो स्वतःला शिव्या घालत होता. पाचव्या दिवशी पहाटे ताई गेली. शेवटपर्यंत ती दाराकडेच बघत होती, असं भाचीने सांगितलं. हे तिने सांगायला नको होतं.

आठव्या दिवशी वकिलातीत कागद तयार झाला. फक्त एक रकाना रिकामा होता. कारकुनाने पेन उचलून विचारलं, "काका, कुठे जायचं लिहू? पुढे की घरी?"

 मागे उभी असलेली माणसं चुळबुळ करू लागली.

"घरी लिहा," तो म्हणाला.