वाटीभर उसनी धूळ

ज्या दिवशी घर झाडू नका म्हणून बजावलं होतं, नेमकं त्याच दिवशी मी घर झाडलं. (एरवी सांगूनही कधी झाडू हातात धरला नाही, असं आमची ही म्हणते. खरं आहे.)

आमची नात मिठू तीन वर्षांची. रात्री तिची छाती अशी वाजते, की मुलुंडच्या आमच्या दोन खोल्यांत कुणाचाच डोळा लागत नाही. डॉक्टर म्हणाले, लहान मुलांच्या दम्यावर संशोधन करणारी एक मुलगी घरी येईल. मिठू काय खाते, पहिला घास कशाचा भरवला ते विचारेल आणि घरातली धूळ तपासायला नेईल. पोरीला काय बाधतंय ते त्यातून कळेल. तोवर झाडू बंद!

हा कुठला न्याय? शिकलेलं माणूस घरी येणार, आणि आम्ही त्याला जळमटं दाखवायची? ही मिठूला घेऊन भांडुपला बहिणीकडे गेली आणि मी पदर खोचला. (नव्हता, तरी खोचला!) पंखे पुसले, पलंग सरकवले, गाद्या गच्चीत नेऊन बडवल्या. कोपऱ्यातला कोळीसुद्धा बिऱ्हाड हलवून गेला.

ही परतली ती दारातच थबकली.

"अहो, धूळ कुठाय?"

"कचऱ्याच्या गाडीत!" मी छाती फुगवून म्हणालो.

"वाट लावलीत! ती मुलगी आत्ता येईल. तिला काय देऊ, तुमचं डोकं?"

आता साखर संपली तर माणूस शेजारी मागतो, मग धूळ का नको? मी वाटी घेऊन समोरच्या सावंतकाकींची बेल दाबली. काकी सत्तरीच्या पुढच्या, मूळच्या मालवणच्या.

"काकी, वाटीभर धूळ मिळेल? पलंगाखालची चालेल. तुमच्याकडे असेलच ना!"

ते 'असेलच' नडलं.

"माज्या घरात धूळ? मेल्या, दोन येळा लादी पुसतंय मी! तुज्या डोळ्यात घालूक पण मिळाची नाय!"

दार आपटलं. शेवटी जिन्यातल्या मीटरच्या पेटीवरची धूळ वाटीत खरवडली आणि हिची पाठ वळताच मिठूच्या पलंगाखाली रांगोळीसारखी भुरभुरली.

संशोधक मुलगी आली. धूळ ओढायचं छोटं यंत्र घेऊन ती पलंगाखाली वाकते न वाकते, तोच काकी घरात घुसल्या.

"बाय, आधी माज्या घरात चल! धूळ असली तर दाखव! हो माणूस वाटी घेऊन धूळ मागीत फिरता!"

मुलीने पलंगाखाली पाहिलं, मग माझ्याकडे.

"काका, ही धूळ कुठली?"

"...जिन्यातली."

"म्हणजे मिठू आजारी घरात, आणि औषध जिन्याला?"

हिने कपाळाला हात लावला. मुलीने सुस्कारा सोडला. "बरं, दुपारी मिठू झोपते कुठे?"

"ह्यांच्या आरामखुर्चीत, ह्यांच्या पोटावर."

"ती माझी खुर्ची आहे!" मी खुर्चीत बसूनच उसळलो. "तिच्या गादीला मी कुणाला हात लावू देत नाही. ती कशाला घाण असेल?"

मुलीने मला उठवलं आणि यंत्र गादीला लावलं. ते घरघरलं, थेट मिठूच्या छातीसारखं. धूळ, कापूस, गेल्या दिवाळीची शेव! पिशवी टम्म फुगली.

"झकास!" मुलगी खूश झाली. "तपासायला हीच हवी होती."

काकींनी पिशवीत डोकावून पाहिलं, मग माझ्या हातातल्या वाटीकडे.

"माज्या दारात कशाक इलंस रे मेल्या? जरा उठान बघलं असतंस, तर तुज्या बुडाखालीच पोतंभर होती!"