पट्टीखालचा आकडा : वरातीच्या गाडीतून मोहाडी ते गोसीखुर्द

जुनी महागडी गाडी घ्यायची असेल तर आधी ती मालकासकट एक दिवस फिरवून पाहावी, या मताचा मी आहे. मालक नात्यातला असेल तर दोन दिवस.

मोहाडीजवळच्या गावात माझं बिछायत केंद्र आहे. लग्नांना मांडव, खुर्च्या, भांडी भाड्याने देतो. अलीकडे प्रत्येक गिऱ्हाईक विचारतं, "नवरदेवासाठी गाडी आहे का?" माझा साळा सुदाम नागपूरला असतो. त्याच्याकडे परदेशी कंपनीची एक गाडी आहे : जीपसारखी उंच, कारसारखी मऊ, आठ वर्षं वापरलेली, डिझेलवर चालणारी. तो ती विकायला निघाला आणि पहिला फोन मला केला. मला पहिला का, हीच माझी पहिली शंका.

"चौदाचा अ‍ॅव्हरेज देते भाऊजी. घरचा माणूस हाय म्हणून सांगून राहिलो."

घराच्या स्लॅबसाठी साठवलेले पैसे त्यात जाणार होते. सुनंदा, माझी बायको, एवढंच म्हणाली, "स्लॅब थांबन एखादं वर्ष. पण काय पाहाचं ते आत्ताच पाहून घ्या. मंग माह्या भावाच्या नावानं कुरकुर केली तर मी आयकणार नाही."

म्हणून मे महिन्यातले हे दोन दिवस.

पहिला दिवस : बपेरा

सकाळी बुद्धवंदना झाल्यावर निघालो. मोहाडीबाहेरच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. सुदामने समोरच्या पडद्यावरचा अ‍ॅव्हरेजचा आकडा शून्य केला आणि मी खिशातून चिकटपट्टी काढून त्या आकड्यावर लावली.

"हे काहून?" सुदाम.

"आकडा दिसला की माणूस त्याच्यासाठी गाडी चालवतो. शिवाय यंत्र मालकाच्या बाजूनं बोलते. आपण टाकीवरून टाकी मोजू."

"भाऊजी, आमची बहीण देताना आमी तुमची एवढी चौकशी नोती केली."

मागच्या सीटवरून सुनंदा म्हणाली, "तेच चुकलं न बाप्पा!"

तुमसरला तर्री-पोहे खाल्ले. तिघांचे चहासकट शंभराच्या आसपास होतात, आणि तर्री मागितली तर पुन्हा वाढतात. पुढे बपेऱ्यापर्यंत दोन्ही बाजूंना उन्हाळ्यातली रिकामी धानाची बांधी, म्हणजे भाताची खाचरं, आणि मधूनमधून मोहाची झाडं. रस्ता काही ठिकाणी उखडलेला आहे, पण या गाडीत खड्डा लागत नाही, नुसता कळतो. मला ते बरं वाटलं आणि बरं वाटलं म्हणून संशयही आला. पुलाजवळ थांबलो. पलीकडे मध्य प्रदेश. टपरीवर एक जण गाडीभोवती फिरून म्हणाला, "आमदाराची हाय का?" सुदाम हसला. मी टायर पाहत होतो. चार नवीन टायर घ्यायचे तर साठ हजारांच्या घरात जातात, हे त्यानेच न विचारता सांगितलं. वर्षाची सर्व्हिसिंग नागपूरला बाहेरच्या गॅरेजात केली तर वीस हजार, कंपनीच्या वर्कशॉपमध्ये दुप्पट. विकणारा माणूस इतकं खरं सांगायला लागला की मी आणखी सावध होतो.

परत येऊन त्याच पंपावर टाकी भरली. हिशेब जवळजवळ चौदाचाच आला.

"आता?" सुदाम म्हणाला.

"रिकामी गाडी कोणतीही देते," मी म्हणालो. "उद्या नवरदेव बसवून पाहू."

दुसरा दिवस : गोसीखुर्द

मोहाडीतल्या सुनंदाच्या मैत्रिणीच्या मुलाचं लग्न होतं. मुलगी गोसीखुर्दच्या धरणामुळे उठलेल्या एका गावातली. नवरदेवाला घेऊन जाणं-आणणं आम्ही आहेर म्हणून अंगावर घेतलं. पंपावर पुन्हा टाकी भरली, आकडा शून्य, वर पट्टी.

भंडाऱ्याचा मोठा रस्ता ट्रकांनी भरलेला असतो, तेवढा पार केला की पवनीपर्यंत बरा रस्ता आहे. पवनीला जुन्या स्तूपाच्या दिशेने मी हात जोडले. मागे नवरदेवानेही जोडले. फेटा छताला लागत होता म्हणून तो अर्धाच वाकला.

पुनर्वसनाची गावं लगेच ओळखू येतात. गल्ल्या पट्टीने आखल्यासारख्या सरळ आणि झाडं सगळी एकाच वयाची. नवरीचे काका मला मांडवात घेऊन गेले. म्हणाले, "गाव आमचं पाण्याखाली गेलं. आता त्याच्यावरचेच मासे खाऊन राहिलो." आणि ते स्वतःच मोठ्याने हसले. मला हसावं की नाही कळेना.

वरात गावाच्या तोंडाशी थांबवून नाचत आणायची होती. मी मात्र मांडवातच बसून राहिलो. वीस वर्षं माझं हेच आहे : मांडव नीट आहे का पाहायचं आणि वरातीला उशीर झाला म्हणून चिडायचं. वरातीबरोबर मी कधी आलेलोच नाही. डीजेचा आवाज दुपार चढेपर्यंत जागचा हलला नाही.

लग्न साधं, पांढऱ्या कपड्यांत, बुद्धवंदनेने लागलं. पंचशील घेताना न दिलेलं घेणार नाही, हे दुसरं शील आलं तेव्हा माझी नजर उगाच सुदामकडे गेली. तो जागेवर नव्हता.

जेवणात वांग्याची भाजी, वरण-भात, बुंदी. नंतर मी मांडवामागे गेलो. गाडी काळ्या काचा लावून उभी, सुदामचा पत्ता नाही. शेजारी दोन रिकाम्या कॅन पडल्या होत्या. पाण्याच्या असतील. पण हिशेब चांगला यावा म्हणून यानं टाकीत गुपचूप डिझेल ओतलं असेल तर? मी वाकून एकीचा वास घेतला. पाण्याचीच होती. तेवढ्यात तो धरणाच्या बाजूने चालत आला. सुपारी द्यायच्या निमित्ताने मी त्याचा हात धरला आणि नाकाजवळून नेला. तळलेल्या माशाचा वास आला. डिझेलवर मासा चढला तर डिझेल कळत नाही, असंही माझ्या मनात येऊन गेलं. माणसाचं मन एकदा त्या उताराला लागलं की ब्रेक लागत नाही.

संध्याकाळी नवरा-नवरीला मोहाडीला सोडलं आणि तिघे पंपावर गेलो. चौदाच्या हिशेबाने बारा-तेरा लिटर जायला हवं होतं. पंपावरच्या माणसाने नळी ठेवली तेव्हा सतरा गेलं होतं.

"काल चौदा, आज दहा," मी म्हणालो. "सुदाम, डिझेल कुठं गेलं?"

त्याच्या आधी सुनंदा बोलली.

"अजी, तुमी माह्या भावाचा हात हुंगला. मी काचेतून पाह्यलं."

"तू गाडीत होतीस?"

"मंग! वरातीत अख्खा वेळ गाडी चालूच होती. नवरदेवाचा मामा म्हणे, एसी बंद करू नका, पोरगं भिजून जाईन. जेवण झाल्यावर नवरीले चक्कर आल्यासारखं झालं, तर तिले गाडीत आणून बसवलं. सुदाम चालू करून देऊन गेला, मी बसली तिच्याजवळ. गाडी तुमच्या नाकासमोर घरघरून राहिली होती. पण तुमचं नाक भलतीकडंच!"

जेवणानंतर पुन्हा सुरू झालेल्या डीजेच्या आवाजात मला इंजिन ऐकू आलं नव्हतं. सुदामने हात पुढे करून पट्टी सोलली. खाली आकडा होता, दहा पूर्णांक एक. यंत्र दिवसभर खरं बोलत होतं, मीच त्याचं तोंड बांधून ठेवलं होतं.

"आता तुमाले गाडी देऊ का नको देऊ, मलेच इचार करा लागन," सुदाम म्हणाला. तो चेष्टा करत नव्हता.

घरी

दोन आठवडे त्याचा फोन आला नाही. सुनंदाने एकदाही विषय काढला नाही, आणि तेच जड होतं. मग एका रविवारी तो गाडी घेऊन आला, किंमत तीच ठेवली आणि किल्ली माझ्या नाही, बहिणीच्या हातात दिली.

गाडी आता अंगणात उभी असते, स्लॅब पुढच्या वर्षावर गेलाय. अशी गाडी लग्नाला लावण्याचा विचार करणाऱ्यांना एकच सांगेन : भाडं नुसतं किलोमीटरवर ठरवू नका. वरातीत उभ्या गाडीचे तास वेगळे लावा, एसीसकट. मोकळ्या रस्त्यावरचा चौदाचा आकडा खरा आहे आणि नाचणाऱ्या मामाच्या मागचा दहाचाही. पडद्यावर पट्टी लावू नका.

सुदाम अजून येतो. जेवायला बसण्याआधी हात धुतो आणि ओला हात माझ्या नाकापुढे धरतो.

"घ्या भाऊजी, हुंगून घ्या."

आमची पोरं हसतात, मीही हसतो. सुनंदा खाली मान घालून भात वाढत राहते.