वीतभर गाड्या आणि वाकून बघणारी माणसं

आमच्या छंदात गाड्या कमी तयार होतात आणि किस्से जास्त. एक लॉरी पुरी व्हायला आख्खा पावसाळा जातो, कधी त्याच्यामागं दिवाळीही जाते. तेवढा काळ ती टेबलावर अर्धवट पडलेली असते आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण तिच्यावर वाकतो. खऱ्या लॉरीकडं कोण बघतंय? बेळगावच्या खडेबाजारात ती आडवी आली तर लोक शिव्या घालतात. पण तीच वीतभर करून ठेवा. माणूस थांबतो, चष्मा सारखा करतो, वाकतो, आणि वाकला की बोलायला लागतो. ते बोलणं ऐकायला मला गाडी बनवण्याइतकीच मजा येते.

आम्ही चौघं आहोत. मी कवळ्या बनवतो; दातांची छोटी लॅब आहे माझी, खडेबाजाराच्या एका बोळात, माडीवर. आप्पा म्हणजे बसचे रिटायर्ड ड्रायव्हर, राहायला पिरनवाडीला. भरतेशअण्णा निपाणीचे, घरचा तंबाखूचा व्यापार. आणि सुनंदाआक्का हिंडलग्याच्या, शाळेत चित्रकला शिकवतात. रविवारी लॅब बंद, म्हणून तिथंच जमतो. कवळ्या एका बाजूला सरकवायच्या, पेपर पसरायचा आणि कामाला लागायचं. जोडून गाडी तयार होईल असे खोके बाजारात मिळतात, पण त्यात गाड्या परदेशी. आपल्या रस्त्यावरची लॉरी पाहिजे तर सगळं हातानं कापावं लागतं, अगदी वायपरसुद्धा.

* * *

वायपरवरनंच सुरुवात करतो.

कवळी करून घेतलेले एक आजोबा एका शनिवारी माडीवर आले. कवळी जरा ढिली होते, घासून बसवून पाहिजे, म्हणाले. मी म्हटलं, बसा, हातातलं एवढं संपवतो. हातात होता लॉरीचा वायपर. तांब्याची तार, केसापेक्षा थोडी जाड. चिमट्यात धरून काचेला लावत होतो. एकदा सटकला, परत लावला. परत सटकला, परत लावला. आजोबा शेजारी स्टूल ओढून बसले. वायपर बसला तेव्हा त्यांनीच माझ्या आधी श्वास सोडला.

मग म्हणाले, "लई बारीक काम हाय रं."

मी खूश.

"एवढं जमतंय, मग माझं दात ढिलं कसं झालं?"

त्या दिवशी मी त्यांची कवळी जितक्या मन लावून बसवली, तितकी आजवर कुणाची बसवली नसेल.

* * *

भरतेशअण्णांचा जीव मालावर. गाडी कुठलीही असो, तिच्यात काय भरलंय हे त्यांना आधी ठरवायचं असतं. त्यांनी एक लॉरी केली, तंबाखूच्या बोदांनी भरलेली. बोद म्हणजे तंबाखूची पोती. बोटाच्या पेराएवढी बोदं त्यांनी खऱ्या गोणपाटाचे धागे विणून शिवली आणि आत वखारीतला खराखुरा तंबाखू भरला. आम्ही म्हटलं, आत भुसा भरला तरी कुणाला कळणार? तर म्हणाले, मला कळंल की.

गाडी त्यांनी घरी नेऊन दिवाणखान्यात ठेवली. त्यांच्या आई देवळातून आल्या, उंबऱ्यातच थांबल्या आणि वास कुठून येतो म्हणून विचारलं. पिढ्यान् पिढ्या तंबाखूचा व्यापार, पण त्या घरात आजपर्यंत तंबाखूची काडी आलेली नव्हती. आई रागावल्या नाहीत, आवाजही चढवला नाही. कन्नडमध्ये एवढंच म्हणाल्या की वखारीतलं वखारीत राहू दे, मग ते चिमूटभर का असेना.

अण्णांनी तिथंच बसून बोदं एकेक करून उतरवली, दुसऱ्या दिवशी वखारीत नेली. लॉरी अजून दिवाणखान्यात आहे, रिकामी. दोर मात्र तसेच लोंबत ठेवलेत. कुणी विचारलं तर सांगतात, "माल उतरवून घराकडं निघालीय."

* * *

अण्णांचाच आणखी एक. त्यांचा एक टँकर रंग वाळायला म्हणून माझ्या लॅबमध्ये ठेवलेला होता. वरच्या फळीवरनं डबा घसरला आणि टँकर खाली आला. मी लगेच फोन केला. अण्णा तेव्हा निपाणीहून बेळगावला येणाऱ्या बसमध्ये होते, आणि बसमध्ये फोनवर हळू बोलणं त्यांना येत नाही.

सगळ्या बसनं ऐकलं ते असं: टँकर उलटला? टाकी फुटली? आणि ड्रायव्हर? मान गेली? बरं, असू दे. दुसरा बसवू.

फोन खाली ठेवला तेव्हा पुढच्या सीटवरची माणसंही मागं वळून बघत होती. शेजारी एक मावशी होत्या, मांडीवर पिशवी घेऊन. त्या बराच वेळ अण्णांकडं बघत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "ड्रायव्हरला बायकापोरं होती व्हय?"

आता ड्रायव्हर प्लास्टिकचा आहे, हे सांगायची हीच वेळ होती. पण अण्णा गडबडले. म्हणाले, "न्हाय मावशी, एकटाच होता."

मावशींनी सुस्कारा सोडला. संकेश्वर गेल्यावर पिशवीतून एक केळं काढलं आणि अण्णांच्या हातात दिलं. तुम्हालाबी धक्का बसला असंल, खावा कायतरी, म्हणाल्या.

अण्णा सांगतात की केळं हातात घेतल्यावर तर खरं सांगायची सोयच राहिली नाही. ते गुमान खाल्लं. आणि मावशी उतरेपर्यंत चेहरा दुःखी ठेवला.

* * *

आप्पा मात्र एकच गाडी करत आले आहेत. त्यांची बस. नोकरीतली शेवटची कितीतरी वर्षं त्यांनी जी चालवली, तीच. घाटातली गाडी, त्यामुळं तिला घाटातला चिखल पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. ही आमच्या कामातली सगळ्यात अवघड पायरी. नवीकोरी दिसणारी गाडी वापरातली दिसावी म्हणून तिला मळवायची. आप्पांनी खानापूरकडची तांबडी माती आणली, चाळली, पाण्यात डिंक घालून कालवली आणि ब्रशनं चाकांच्या वर, पायरीखाली, मागच्या काचेवर उडवली. पत्र्यावर गंज काढला. खिडक्यांखाली प्रवाशांनी ओकल्याचे ओघळसुद्धा काढले. हे सगळं सुनंदाआक्कांच्या देखरेखीखाली, कितीतरी रविवार.

मग बस कौतुकानं घरी नेली. संध्याकाळी फिरून आले तर काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ती साबणाच्या पाण्यानं घासून, पुसून, उन्हात ठेवलेली. चकचकीत.

आप्पा पायरीवर बसले. काकूंना वाटलं, खूश झाले. म्हणाल्या, "जन्मभर गाडी गाडी केलीसा, पण कधी धुतलेली दिसली न्हाय. म्हटलं, आज मी धुती."

आप्पांनी त्यांना काहीच सांगितलं नाही. पुढच्या रविवारी तांबड्या मातीची पुडी घेऊन परत आले. आणि बस परत मळवून झाल्यावर ती माझ्याच लॅबमध्ये ठेवली.

* * *

गेल्या वर्षी एका शाळेनं हॉल दिला, म्हणून आम्ही दोन दिवस प्रदर्शन मांडलं. तिथं आप्पांच्या बसवर लोक तुटून पडले.

बसच्या कपाळावर पाटी होती, नखाएवढी. पाटी कुठल्या भाषेत, हा आमच्या भागात साधा प्रश्न नाही. सुनंदाआक्कांनी तो साधा करून टाकला होता. एका नखात त्यांनी वर कन्नड लिहिलं आणि खाली मराठी, दोन्ही सारख्या आकारात. पण भिंग लावल्याशिवाय दोन्ही दिसायची नाहीत.

दोघं जण एकदमच आले, एकमेकांच्या ओळखीचे नसावेत. एकानं कन्नडमध्ये विचारलं, पाटी कुठल्या भाषेत आहे. दुसऱ्यानं तेच मराठीत विचारलं. दोघांचेही चेहरे भांडायच्या तयारीत. आक्कांनी टेबलावरचं भिंग पुढं केलं. भिंग एकच. पहिल्यानं बघितलं, मान हलवली आणि दुसऱ्याला दिलं. दुसऱ्यानं बघितलं. मग पहिल्यानं परत मागून घेतलं, कारण आता त्याला बसच्या आतल्या सीटा बघायच्या होत्या. दोघं डोक्याला डोकं लावून पंधरा-वीस मिनिटं तरी बसच्या आत बघत बसले. तिकिटाचं मशीन, घंटीची दोरी, शेवटी टपावरचं स्टेपनी टायरसुद्धा.

जाताना एकानं आप्पांना विचारलं, ही गाडी सकाळी किती वाजता सुटायची? आप्पांनी वेळ सांगितली. दुसरा म्हणाला, कधीच वेळेवर सुटली नाही. त्यावर पहिला जोरात हसला, आणि दोघं बरोबरच चहाला गेले.

त्याच दुपारी एक बाई आल्या, बँकेत नोकरी करणाऱ्या. कॉलेजला असताना याच बसनं येत होत्या, आप्पांना त्यांनी चेहऱ्यावरून ओळखलं. बस सगळ्या बाजूंनी बघितली आणि म्हणाल्या, सगळं बरोबर आहे, फक्त डावीकडची तिसरी खिडकी बंद दाखवलीय. ती कधी बंदच व्हायची नाही. पावसात त्या सीटवर कुणी बसत नसे, म्हणून ती त्यांना हमखास मिळायची. छत्री आतल्या आत उघडून बसायच्या.

आप्पांनी थोडा विचार केला. मग माझ्याकडून टोकदार चिमटा मागून घेतला आणि तिसऱ्या खिडकीची काच, जी बसवायला त्यांना आख्खी सकाळ लागली होती, हळूच उपसून काढली. बाईंनी ती काच मागितली. आप्पांनी कागदाच्या पुडीत बांधून दिली.

* * *

आता सुनंदाआक्कांचा. हा सांगताना आमच्यातलं कुणी हसत नाही, पण सांगतो मात्र प्रत्येक जण.

आक्कांच्या वडिलांची लॉरी होती. खानापूर भागातून तांदळाची पोती बेळगावला आणायचे. आक्का शाळेत जायच्या आधीच लॉरी विकली, आणि त्या कॉलेजात असताना वडील गेले. लॉरीचा एकच फोटो घरात आहे. वडील बंपरवर पाय ठेवून उभे आहेत आणि त्यांच्यामागं लॉरीचं तोंड. तेवढ्यावरून आक्कांनी पुढची बाजू हुबेहूब केली. निळा रंग, काचेच्या वर पिवळा पट्टा, नंबरसुद्धा.

अडलं मागच्या बाजूशी. मागं काहीतरी काढलेलं असणारच. आपल्याकडं कुठल्या लॉरीची पाठ मोकळी असते? काकांना विचारलं तर ते म्हणाले, मोर होता. चुलतभाऊ म्हणाला, मोरबीर काही नव्हतं. आईला विचारलं. आई हिंडलग्यात आक्कांच्याच घरी असते. ती म्हणाली, लॉरीची मागची बाजू मी कशाला बघतीया, आणि उठून आत गेली. आक्का म्हणाल्या, जे माहीत नाही ते मी काढणार नाही. मागची फळी नुसती निळी रंगवून ठेवली आणि लॉरी तशीच प्रदर्शनात मांडली. जो येईल त्याला विचारत होत्या, ही गाडी कधी मागून बघितलेली आठवते का?

दुसऱ्या दिवशी खानापूरकडचे एक गृहस्थ आले, साठीच्या आसपासचे. लॉरीसमोर वाकले आणि कुणी काही सांगायच्या आत म्हणाले, "ही मारुतीअण्णांची न्हवं का?"

आक्कांच्या वडिलांचं नाव मारुती. त्या खुर्चीतून उठल्या.

गृहस्थ म्हणाले की त्यांच्या शाळेशेजारी भाताची गिरणी होती, लॉरी तिथं भरायला यायची. ते तेव्हा नुकतेच वाचायला शिकले होते. दिसेल ते मोठ्यानं वाचत सुटायचे. ते सांगत सांगत लॉरीच्या मागं आले आणि मोकळ्या फळीकडं बघून थांबले. मागं नावं होती की, म्हणाले. "वर शालन, खाली सुनंदा. मधी कमळ."

आक्का म्हणाल्या, सुनंदा मी. पण आमच्या घरात शालन कुणी नाही. मी एकटीच आहे.

गृहस्थ अवघडले. दुसऱ्या कुठल्या गाडीवरचं असंल, असं म्हणाले खरे, पण परत वाकून त्यांनी नंबर बघितला आणि मान हलवली. "न्हाय, हीच. 'ल' मला काढायला येत न्हवता. त्या शालनवरनं शिकलो."

त्या संध्याकाळी आक्का घरी गेल्या तेव्हा आई सुपात तांदूळ निवडत बसली होती. आक्कांनी सांगितलं की एक माणूस आलता, मागं दोन नावं होती म्हणाला. आईचा हात थांबला नाही. दोन-चार खडे काढून झाले. मग तिनं खाली बघतच विचारलं, "वर कुठलं होतं?"

"शालन."

"मग त्यानं खरंच बघितलंय," आई म्हणाली, आणि सूप घेऊन उठली.

पुढच्या रविवारी आक्कांनी माझ्याकडून सगळ्यात बारीक ब्रश मागून घेतला. वर शालन लिहिलं, खाली सुनंदा. मधे कमळ काढलं, गुलाबी, पिवळ्या देठाचं. मी विचारलं, शालन कोण? त्या म्हणाल्या, आई सांगंल तवा सांगंल.

त्याच्या पुढच्या रविवारी जिन्यात पावलं वाजली. आक्कांची आई होती, कठडा धरून एकेक पायरी चढत. आजवर ती माझ्या माडीवर कधी आलेली नव्हती. आप्पांनी स्टूल पुढं केलं, ती बसली नाही. पुढून लॉरीकडं तिनं बघितलंसुद्धा नाही. टेबलाला वळसा घालून सरळ मागच्या बाजूला गेली, वाकली आणि खूप वेळ तशीच राहिली. मग वरच्या नावावरून हलकेच बोट फिरवलं. रंग वाळलेला होता.

"कमळ जरा मोठं व्हतं," म्हणाली.