चिप नसलेली किल्ली

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. हे लिहितानाच 'नव्हता' की 'नाही' लिहू, इथे पेन अडलंय.

गडचिरोलीच्या शाळेत मी विज्ञान शिकवायची. तळहातावर कापूर जाळून दाखवायची, लिंबातून लाल पाणी काढायची आणि "आत्मा नसतो, मेंदू असतो!" म्हणून टेबलावर हात आपटायची. बॉब कट, काळा चष्मा... आज ती बाई समोरून आली तर मीच रस्ता बदलीन.

घरी फक्त बुद्धवंदना, अंगारा-धुपारा कधीच नाही. आमचे हे आरोग्य खात्यात होते. भामरागडकडची गावं त्यांनी आमच्या गाडीने पिंजून काढली. अडलेल्या बाया, तापाने फणफणलेली पोरं, सगळी त्याच गाडीतून दवाखान्यात जायची. गाडीची किल्ली इतकी झिजली होती की ती फक्त ह्यांच्याच हाताने फिरायची. केसभर मागे ओढायची, मग वळवायची. मला ते कधी जमलंच नाही. किल्लीला शिव्या मात्र भरपूर दिल्या!

हे गेल्यावर चंद्रपूरला इक्बालभाईंकडून नवीन किल्ली करून घेतली. किल्लीच्या मुठीत तांदळाच्या दाण्याएवढी चिप असते. ती ओळखली तरच गाडी चालू राहते. इक्बालभाईंनी माझ्या डोळ्यांदेखत ती चिमट्याने काढून नव्या किल्लीत बसवली.

"काकू, आता जुनी म्हंजे नुसता पत्रा. दरवाजा खुलेल, गाडी नाई चालनार."

माडिया लोक गेलेल्या माणसासाठी गावाबाहेर दगड उभा करतात. एका गावाने ह्यांच्याही नावाचा केला. तिथले लालसूभाऊ ह्यांचे जुने सोबती. ते म्हणाले, "डाक्टरची एखादी चीज दे बाई, दगडाजवळ ठेवतो." मी तो पत्रा दिला. नाहीतरी कामाची वस्तू दगडाला कोण देतं?

पुढच्या वर्षी धान कापणीच्या दिवसांत नातीला घेऊन त्या गावी गेले. सईला तेव्हा दहावं लागलं होतं. भर दुपारी नाल्यावर हात धुवायला वाकले आणि कमरेला खोचलेली नवी किल्ली पाण्यात गेली... आम्ही दोघी शोधू लागलो. मी पाण्यात, सई काठच्या गवतात.

ती किंचाळली. घोणस चावली होती.

पाय बघता बघता सुजला. फोनला रेंज नाही. बाजाराचा दिवस, त्यामुळे गावातली एकूण एक मोटारसायकल बाजारात गेलेली. लालसूभाऊंनी तिला उचलून मागच्या सीटवर आडवं केलं, पाय हलू नये म्हणून फळी बांधली. मग ते धावत गेले आणि दगडाजवळची ती गंजलेली किल्ली घेऊन आले.

"यात चिप नाई भाऊ!" मी ओरडले. "चालत नाई ही!"

"मले चिप-बिप नाई समजत. तू लाव तं!"

त्यांना गप्प करायला म्हणून लावली. मागे ओढायचंही सुचलं नाही. किल्ली लोण्यासारखी फिरली आणि गाडी चालू झाली. मी ती बंद पडायची वाट बघत बसले. पडली नाही!

"काऊन थांबली? चाल ना बाई!" लालसूभाऊ मागच्या सीटवरून ओरडले.

समोर कुलपाचा लाल दिवा सगळ्या वाटेभर लुकलुकत होता. म्हणजे गाडी सांगत होती की ही किल्ली मी ओळखत नाही... आणि पळत होती. दवाखान्याच्या दारात मी ती बंद केली. सईला इंजेक्शनं सुरू झाली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर हातात काही राहिलं नसतं.

नंतर तीच किल्ली पुन्हा लावून बघितली. फिरेचना.

गाडी टोचन करून चंद्रपूरला नेली. इक्बालभाईंनी जुन्या किल्लीची मूठ फोडली. आत वाळलेली माती.

"मजाक करता का काकू? तुमच्यासमोरच तं काढली होती ना मी!" त्यांनी वायरिंग तपासलं, मशीन लावलं, ती किल्ली जोर लावून फिरवून पाहिली. दर वेळी इंजिन क्षणभर धरून मरायचं. दोष सापडला नाही. शेवटी नवी चिप बसवून दिली आणि म्हणाले, "होते कधीकधी." कधी होते, असं विचारलं तर त्यांनी चहा मागवला.

सई बरी झाली, पळते आहे. पण मला झोप लागत नाही. गाडीत कोणी नव्हतं म्हणावं, तर पोर त्या गावातच दगावायला हवी होती. होतं म्हणावं, तर आयुष्यभर पोरांना शिकवलं ते काय?

परवा तिने सरळच विचारलं, "आजी, गाडी आजोबांनी चालू केली का?"

असल्या प्रश्नाला "नाही" हे उत्तर मी हजारो पोरांना श्वासही न घेता दिलंय. तिच्या पायावरचा दंशाचा डाग दिसत होता. तोंड उघडलं, आणि "नाही" काही बाहेर येईना. "हो"सुद्धा येईना.

ती अजून उत्तराची वाट बघतेय.