खंडेनवमीचा हार

मी पदवीधर झालो तो वामनकाकांमुळे. ते गिरणीत मागावर उभे राहिले, म्हणून मी कॉलेजात बसलो. गिरणी बंद पडल्यावर ते गावी परतले.

आता गिरणीच्या जागी बाग झाली आहे, चिमणीवर दिवे लागतात. शहर सावरलं, याचा मलाही अभिमान होता; बागेत मांडलेला गिरणीतला माग बघायला दिवाळीत या, असं मी काकांना कळवलंही होतं. परवा खंडेनवमीला एक म्हातारे कामगार बागेतल्या मागाला हार घालू लागले.

"ओ आजोबा, हात नका लावू! शोभेचा आहे तो," रखवालदार ओरडला.

"शोभेचा? अरे, घर चालवलंय यानं माझं!"

हार कठड्यावरच राहिला. माग जपला आणि माणूस परका केला.

काकांना लिहिलं, "दिवाळीत माग बघायला येऊ नका. पुढच्या खंडेनवमीला मीच येतो. तुमची मागावरची सूत कापायची कात्री आहे ना, तिला हार घालू."