त्यांच्या नावाची पावती

सांगलीजवळच्या माधवनगरहून निघताना आमच्याकडे पैशाचे तीन प्रकार होते. मुलाने, अजितने, डॉलर भरून दिलेलं प्रवासाचं कार्ड माझ्या पर्समध्ये. रोख नोटा आक्कांच्या कमरेच्या पिशवीत. आणि तिसरं, कुणाला न सांगता मी घेतलेलं, माझ्या यजमानांचं बँकेचं कार्ड.

व्हिएतनामची ही सहल यांनीच ठरवली होती. सुभेदार म्हणून निवृत्त झाले, सगळा देश पायाखाली घातला, पण परदेश राहून गेला होता. सहलीचे पैसे भरले, कार्ड बाहेर चालावं म्हणून बँकेत जाऊन सोय करून घेतली, आणि दिवाळीनंतर आठच दिवसांत झोपेत गेले. त्यांच्या जागी आक्का आल्या. आक्का म्हणजे यांची थोरली बहीण, सातारा जिल्ह्यातल्या खंडाळ्याजवळची. एकदा स्वतःच्या मुलाकडे दुबईला जाऊन आल्यामुळे पासपोर्ट तयार होता. खातं आम्हा दोघांच्या नावाचं, त्यामुळे ते चालूच होतं. पण त्यांचं कार्ड परत द्यायला हवं हे मला कळत होतं. दिलं नव्हतं.

हनोईत उतरलो तर आभाळ राखेच्या रंगाचं. भुरभुर पाऊस, ओले रस्ते, अंगावर येणाऱ्या मोटारसायकली. आमच्या वाटाड्याने बसमध्येच सांगून ठेवलं होतं, हातगाडीवर रोख द्या, हॉटेलात कार्ड द्या. तिथली नोट हातात घेतली की शून्यं मोजतामोजता डोळे दुखतात. जेवणाचेही हाल. 'आन चाय' (शाकाहारी) हे दोन शब्द आम्ही पाठ केले होते, तरी आक्का प्रत्येक वाटीत बोट घालून बघत.

दुसऱ्या दिवशी एका कॉफीच्या दुकानात प्रवासाचं कार्ड चालेना. यंत्र दोनदा कुरकुरलं. आक्का पिशवीत हात घालणार, तेवढ्यात मी यांचं कार्ड पुढे केलं. गुप्त आकडा मला ठाऊक होता, यांच्या फौजेतल्या नंबराचे शेवटचे चार आकडे. पावती आली. तिच्यावर यांचं नाव होतं. गल्ल्यावरच्या पोरीने ते वाचलं आणि हसून म्हणाली, "थँक यू, मिस्टर विलास!"

तीन महिन्यांत त्यांना कुणी अशी हाक मारली नव्हती. घरी सगळे 'कै.' लावूनच लिहीत होते.

त्यानंतर मी सगळीकडे तेच कार्ड देऊ लागले. छत्री, रेशमी रुमाल, होडीचं भाडं. आक्कांच्या लक्षात आलं.

"शालन, अजितनं दिल्यालं कार्ड कुठं हाय?"

"ते चालत नाही सगळीकडे."

"मग रोख दे की. माझ्याजवळ लय हाय."

मी कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

होई आन हे नदीकाठचं जुनं गाव. पिवळ्या भिंती, दारोदारी कापडी कंदील, आणि गल्लोगल्ली शिंप्यांची दुकानं. एका दिवसात कपडे शिवून देतात. मी एक झंपर शिवायला टाकला. दुकानातल्या बाईने कार्डावरचं नाव पाहून मोडक्या इंग्रजीत विचारलं, "मिस्टर कुठे आहेत?"

"हॉटेलवर," मी म्हणाले.

"त्यांना शर्ट?"

आक्का माझ्याकडे बघत होत्या. मी आकाशी रंगाचं कापड निवडलं आणि मापं सांगितली. छाती बेचाळीस, खांदा साडेअठरा, बाही जरा लांब. एकही आकडा आठवावा लागला नाही. बाई म्हणाली, पैसे उद्या द्या. बाहेर आल्यावर आक्का एवढंच म्हणाल्या, "चल, पाय दुखायल्यात."

दुसऱ्या दिवशी दुपारी कपडे तयार होते. शर्ट काउंटरवर पसरलेला, इस्त्री केलेला. कार्ड दिलं. चाललं नाही. पुन्हा दिलं. बाईने मान हलवली. तेवढ्यात दुकानाच्या वायफायवर माझा फोन जिवंत झाला आणि अजितचा कॉल आला.

"आई, किती वेळ लावतोय फोन! बाबांचं कार्ड कुणीतरी तिकडं वापरतंय. तू सोबत नेलं होतंस का? चोरीला गेलंय बहुतेक. मी सकाळीच बंद केलं."

"चोरीला नाही गेलं. मीच वापरतेय."

तो म्हणाला, "असू दे," आणि त्याने फोन ठेवला.

दुकानातली बाई अदबीने म्हणाली, "हॉटेलवर फोन करा ना. मिस्टर येतील, दुसरं कार्ड आणतील."

"ते येणार नाहीत," मी म्हणाले. "ते वारले."

हे वाक्य मी तोपर्यंत स्वतःच्या तोंडाने कुणालाच सांगितलं नव्हतं. सांगलीत सांगायची वेळच आली नाही. सगळ्यांना आधीच कळलेलं असायचं. बाईला शब्द कळले की माझा चेहरा, कोण जाणे. तिने शर्ट अलगद आपल्याकडे ओढून घेतला. नको असेल तर राहू दे, असं तिला म्हणायचं असावं.

मी प्रवासाचं कार्ड काढायला लागले. आक्कांनी माझा हात धरला. कमरेची पिशवी सोडली आणि नोटांची चळत काउंटरवर ठेवली.

"माझ्या भावाचा सदरा हाय," त्या मराठीतच त्या बाईला म्हणाल्या. "ह्याचं पैसं मी देणार." आणि तिथल्या स्टुलावर बसून, पदर तोंडाला लावून रडल्या. मयताच्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या.

मुंबईला अजित गाडी घेऊन आला होता. वाटेत आक्कांना घरी सोडलं आणि पुढे साताऱ्याच्या अलीकडे चहाला थांबलो. चहाचे पैसे द्यायला त्याने खिशातून चुकून दुसराच फोन काढला. यांचा होता. कडेला तडा गेलेला.

"हा अजून चालू आहे?"

"रिचार्ज करतो मी." तो कपाकडे बघत होता. "बंद करवत नाही."

त्याच फोनवर माझ्या खर्चाचे संदेश त्याला येत होते. बाबांच्या नावाने, दिवसातून चारचार. पहिला आला तेव्हा आपल्याला काय वाटलं, ते त्याने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "कार्ड परत सुरू करून देऊ का?"

"नको," मी म्हणाले.

आता गल्लीतल्या बायका विचारतात, परदेशात पैसे कसे न्यायचे. मी नीट सांगते. थोडे रोख न्या, दोन कार्डं वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आकडा पाठ करा. त्या विचारतात, मग तुम्हाला काही अडचण आली का? मी नाही म्हणते आणि चहा टाकायला आत जाते.