गाडी चालवणार कोण

मला मुख्याध्यापिकेची बढती मिळाली त्या दिवशी आमच्या घरी पेढे आले आणि पाठोपाठ भांडणही आलं. शाळा मिळाली ती लोंढ्याच्या पुढं, जंगलात. आम्ही बेळगावशेजारच्या येळ्ळूरचे. लोंढ्यापर्यंत कशीही जाईन हो, पण पुढं दिवसाला दोनच बस. त्यातली पहिली पोचते तेव्हा पोरांची मधली सुट्टी झालेली असते. शेवटचा रस्ता तर तांबड्या मातीचा, बारक्या गाडीचं पोट घासेल असा. बढती नाकारली तर पुन्हा यादीत नाव कधी लागेल ते देवालाच ठाऊक. आणि रुजू व्हायला उरले होते पंधरा दिवस.

"नको म्हणून लिहून दे की," आमचे हे म्हणाले. वीस-बावीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली काढलेल्या बाईला असं म्हणायला जीभ कशी रेटते, कोण जाणे. मी म्हटलं, "गाडी घेऊया. जुनी चालेल, पण उंच पाहिजे."

लायसन मी तीन वर्षांपूर्वीच काढलं होतं. ह्यांना स्कूटरपलीकडं काही चालवता येत नाही, पण गाड्यांविषयी मतं मात्र पोतंभर. पहिलं मत असं की नंबर एमएच पाहिजे. "निदान नंबरप्लेट तरी महाराष्ट्राची असू दे!" आता महाराष्ट्रात जायची आस धरून बसलेल्या येळ्ळूरच्या माणसाला हे पटायला कितीसा वेळ लागतो? मलाही घटकाभर पटलं. मग मी विचारलं, इकडचा रोड टॅक्स परत कोण भरणार, आणि ना-हरकत दाखल्यासाठी कोल्हापूरला खेटे कोण घालणार? तेव्हा स्वारी मुकाट केएवर, कर्नाटकच्या नंबरावर आली.

मी आपली टाचणवहीच्या मागच्या पानांवर यादी करत होते. मोबाइलवर बघून, शाळेतल्या सरांना विचारून लिहीत गेले. गाडी आपल्यासमोर गार असताना सुरू करायला लावायची. किलोमीटर कमी दाखवतात आणि ब्रेकच्या पेडलचं रबर मात्र झिजलेलं, म्हणजे मीटर मागं फिरवलेला, असं आहे का बघायचं. सातव्या नंबरला लिहिलं होतं, सीटचे पट्टे शेवटपर्यंत ओढून बघायचे. माझा चुलत दीर गॅरेजात काम करतो. त्याला यादी वाचून दाखवली तर तो पोट धरून हसला. "वैनी, पट्ट्यात काय बघायचं? पट्टा पट्ट्यासारखाच असतोय की!"

निपाणीच्या अलीकडं, नदीकाठच्या एका गावात गाडी होती. रविवारी सकाळी आम्ही तिघं दिराच्या मित्राची गाडी घेऊन गेलो. पांढरीशुभ्र, उंच, नव्या सीटकव्हरांची ती गाडी बघून माझा जीवच जडला तिच्यावर. दारं उघडून बघितली, इंजिन ऐकलं, चक्कर मारून आलो. चक्कर मारली दिरानं, शेजारी बसले हे. मी मागं बसले, कारण मालकानं मागचंच दार उघडून धरलं होतं. बोलणं सगळं ह्यांच्याशी. "अण्णा, डोळं झाकून न्या. घरच्या पोरीगत सांभाळलीय." मी वही उघडली तर हे हळूच म्हणाले, "अगं, लोकांसमोर कशाला?" मी वही मिटली. तो मूर्खपणा माझाच, दुसऱ्या कुणाचा नाही.

मग आपल्याकडची रीत. बाई उंबऱ्यापाशी आली आहे तर कुंकू लावून घेतल्याशिवाय कशी जाईल? मालकाच्या बायकोनं मला आत बोलावलं. स्वयंपाकघरात पाट दिला, चहा दिला, चिवड्याची बशी पुढं केली. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असेल. बाहेर बोलणी चाललेली ऐकू येत होती, आणि ती मधूनच दाराकडं बघत होती.

"तुमचं मालक चालवणार काय गाडी?" तिनं सहज विचारलं.

"कुठलं हो! त्यांना येतच नाही. मी चालवणार."

"तुमी?"

"शाळा लांब आहे माझी. लोंढ्याच्या पुढं, जंगलातनं जायचं."

"संगं कोण असतंय?"

"कोण असणार? एकटीच."

कुंकवाचा करंडा तिच्या हातात तसाच राहिला. मग तिनं माझ्या कपाळाला बोट टेकवलं आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाली, "बाई, मागच्या सीटचा पट्टा वढून बघा. पार शेवटपतोर वढा. आनि मी बोलली न्हाय."

मी फक्त मान हलवली. ओटीत तांदूळ घालतानाही ती दाराकडं बघत होती. त्या घरात तिला राहायचं होतं, मी तर पाच मिनिटांत निघून जाणार होते. तरी तिनं सांगितलं.

बाहेर आले ती थेट गाडीचं मागचं दार उघडलं आणि पट्टा ओढायला लागले. स्वच्छ, काळाभोर पट्टा येत राहिला, येत राहिला, आणि शेवटची वीतभर पट्टी आली ती तपकिरी. नखानं खरवडलं तर वाळलेला गाळ माझ्या तळहातावर पडला. पावसाळ्यात शेतं बुडणाऱ्या आम्हा लोकांना पुराचा गाळ शिकवावा लागत नाही.

"धूळ असंल," मालक म्हणाला.

दिराचं तोंड पडलं. तो खाली वाकला, टॉर्च लावून सीटच्या खाली बघितलं आणि म्हणाला, "वैनी, बोल्ट गंजून गेल्यात सगळं." पाणी सीटपर्यंत चढलेली गाडी. आतल्या वायरा कधी दगा देतील, काही नेम नाही. एकदा जंगलात बंद पडली असती आणि वर दारंही उघडली नसती तर काय, ते माझ्या डोळ्यांपुढं उभं राहिलं.

मालकाची नजर हळूच स्वयंपाकघराच्या दाराकडं वळायला लागली. त्याला बायकोचाच संशय येत होता. मी टाचणवही काढून त्याच्या नाकासमोर धरली आणि वर्गात ओरडते तशी ओरडले, "हे बघा! सातवा नंबर! घरातनं लिहून आणलंय! ह्या दोघांना आठ दिवस कानीकपाळी ओरडून सांगते आहे, पट्टा बघा, पट्टा बघा, पण बाईचं ऐकतो कोण?" मालकानं वही वाचली, खरंच वाचली. मग पुन्हा दाराकडं बघितलं नाही.

परतीच्या वाटेवर हे फुगून बसले होते. थोड्या वेळानं म्हणालेच, "आता आठवडा उरलाय. लिहून दे, सुटशील." तेव्हा माझा बांध फुटला. आतापर्यंत गिळून ठेवलेलं सगळं सांगितलं, ती काय म्हणाली, कशी सारखी दाराकडं बघत होती. "एका परक्या बाईला माझी काळजी वाटली. तुम्ही दोघं आणि तो मालक दोन तास गाडीभोवती फिरलात. गाडी चालवणार कोण, हे तिच्याशिवाय एकानंही विचारलं नाही!"

दीर गाडी चालवत समोर बघत राहिला. संकेश्वरला चहाला थांबलो तिथं ह्यांनी माझा कप आधी आणून दिला. घरी येऊन हातपाय धुतल्यावर म्हणाले, "टिळकवाडीत एका वकिलाची गाडी हाय म्हनत्यात. उद्या जाऊया. वही घे."

वकील म्हातारे होते, घराणं पिढ्यान्‌पिढ्या बेळगावातलं. गाडी जरा जुनी, एका बाजूला ओरखडे. ह्या वेळी मी वही काढून पहिल्या नंबरापासून सुरुवात केली. दीर शेजारी उभा राहून एकेक गोष्ट दाखवत होता, हसत नव्हता. पट्टे चारही ओढले, चारही स्वच्छ निघाले. वकिलांनी चावी काढली आणि ह्यांच्या पुढं धरली. "या, एक चक्कर मारून या."

ह्यांनी हात मागं बांधले. "मला येत न्हाय," म्हणाले. येळ्ळूरच्या पुरुषानं भर अंगणात हे कबूल करायचं म्हणजे काय ते आम्हालाच ठाऊक! "गाडी ह्या चालवणार. लोंढ्याच्या पुढं शाळा हाय ह्यांची. रोज जंगलातनं एकट्या जानार, एकट्या येनार. तवा साहेब, काय लपवलं असंल तर आत्ताच सांगा."

वकिलांनी चावी तशीच हातात ठेवली. माझ्याकडं बघितलं, मग गाडीकडं. खुर्ची ओढून बसले.

"क्लच जाईल," ते म्हणाले. "फार तर दोन-तीन महिने काढील. विचारलं तेवढंच सांगायचं असं ठरवलं होतं मी. उभी हयात अशिलांना हेच सांगत आलो. पण तुम्ही एकट्या जाणार म्हणता. क्लच बदलल्याशिवाय गाडी जंगलात घालू नका, बाई. बाकी काही नाही तिच्यात."

दिरानं चालवून बघितलं, खरं होतं. मी चालवून बघितलं. हे शेजारी बसले आणि दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरून म्हणाले, "सावकाश गं." मला हसूही येत होतं आणि डोळेही भरून येत होते, समोरचं नीट दिसेना म्हणून गाडी बाजूला घ्यावी लागली.

तीच गाडी घेतली. दिरानं चार दिवसांत नवीन क्लच बसवला, मजुरी घेतली नाही. सोमवारी उजाडताच निघाले, लोंढा मागं टाकलं, तांबड्या रस्त्याला लागले. पोचले तेव्हा आवारात कुणीच नव्हतं. शाळेचं कुलूप मी माझ्या हातानं उघडलं आणि पोरांची वाट बघत दारात उभी राहिले.